सबवूफर रात्री आपोआप घुमायचा: देवबागच्या एका ॲम्प्लिफायरचं प्रकरण

देवबागला पर्यटकांना खोल्या देणाऱ्या एका काकांचा दहा इंची सबवूफर (खालचे जाड सूर काढणारी स्पीकरची पेटी) श्रावणात माझ्याकडे कुडाळला आला. ॲम्प्लिफायर पेटीतच बसवलेला. मागच्या पत्र्याला सगळं सर्किट आवळलेलं, आत भला जड गोल ट्रान्सफॉर्मर. काकांनी तक्रार एका दमात सांगितली : "थोडो वेळ बरो चलता, मगे भक-भक करूक लागता. आणि रात्री गाणा लावूक नाय तरी आपलो घुमता, पाव्हणे घाबरतत. काय ता बघ रे झिला. गणपतीक व्हयो माका."

या एका दमात दोन तक्रारी होत्या आणि मी त्या दोन ओळींत वेगळ्या लिहून घेतल्या. पहिली, तापल्यावर येणारे ठोके, सेकंदाला दोन-तीन. यालाच इलेक्ट्रॉनिक्सवाले मोटरबोटिंग म्हणतात. दुसरी, सिग्नल नसताना पेटी स्टँडबायमधून जागी होणं. गिऱ्हाईक दोन्ही एकत्र सांगतं आणि आपणही त्यांना एकच बिघाड समजून आत शिरतो, मग अर्धाच बिघाड दुरुस्त होतो. या पेटीचं आधी नेमकं हेच झालं होतं. मे महिन्यात एका ठिकाणी आउटपुटची ट्रान्झिस्टरची जोडी बदलून घेतली होती. मृग लागेपर्यंत चालली आणि पुन्हा तेच सुरू.

पेटी उघडण्याआधी

इनपुटची केबल काढून टाकली, व्हॉल्यूम शून्यावर नेला आणि पेटी नुसती चालू ठेवली. थंड होती तोवर गप्प. अर्ध्या-पाऊण तासाने स्पीकरचा कोन, म्हणजे पुढचा हलणारा पडदा, हलायला लागला आणि ठोके सुरू झाले. व्हॉल्यूमचं बटण फिरवून आवाजात काडीचा फरक नाही. एवढ्यावरून टीव्ही, सेट-टॉप बॉक्स, केबल आणि अर्थिंगचा गुंता हे सगळे संशयित सुटले. अर्थिंगच्या गुंत्याचा घूंऽऽ असा एकसुरी आवाज असतो आणि इनपुट काढलं की तो सहसा जातो. इथे बिघाड व्हॉल्यूमच्या पुढे होता, नाहीतर सगळ्यांना वीज पुरवणाऱ्या पॉवर सप्लायमध्ये.

स्पीकर मी आधी मोकळा करून बघतो. चार ओहमच्या स्पीकरला मीटरवर ३.४ दाखवलं, म्हणजे कोनाला हलवणारी तारेची कॉइल ठीक. दीड व्होल्टचा सेल टेकवला, कोन सरळ पुढे आला. दोन्ही हातांची बोटं कोनाच्या कडेला पसरून हळू दाबून पाहिलं, घासल्याची खरखर नाही. किनाऱ्यावरच्या स्पीकरात ही खरखर नेहमी सापडते. मॅग्नेटच्या फटीतलं लोखंड गंजून फुगतं आणि कॉइल त्याला घासते. अशा वेळी ॲम्प्लिफायर कितीही दुरुस्त करा, आवाज फाटकाच येणार. काकांचा स्पीकर मात्र शाबूत होता.

नंतर पेटी सिरीज बल्बवर लावली. १०० वॉटचा तारेचा बल्ब वायरिंगमध्ये ओळीने जोडायचा. आत शॉर्ट असेल तर बल्ब भगभगीत पेटून राहतो आणि बाकीचं सर्किट वाचतं. इथे एलईडी बल्ब चालत नाही, तारेचाच लागतो, आणि तो आता दुकानात मागितला की दुकानदार आपल्याकडे बघतच राहतो. जुन्या घरांच्या माळ्यावरून मिळाले ते मी जपून ठेवलेत. काकांच्या पेटीला बल्ब क्षणभर उजळला आणि विझत आला. वीज साठवणारे कंडेन्सर भरताना असंच होतं. म्हणजे शॉर्ट नाही आणि आउटपुटची जोडी जिवंत आहे.

उणे पंधरा

पत्रा काढल्यावर पहिलं काम मोठे कंडेन्सर रिकामे करणं. ६८०० मायक्रोफॅरडचे दोन, प्रत्येकावर ४८ व्होल्ट, आणि दोन टोकांमध्ये मिळून ९६. प्लग काढल्यानंतरही हा साठा तसाच बसून असतो. स्क्रू-ड्रायव्हरने शॉर्ट करून ठिणगी काढायची सवय अनेकांना आहे. त्यात बोर्डची पट्टी उडते, कधी कंडेन्सरच्या आतली जोडणी जाते. पांढरा सिमेंटचा २२० ओहम, १० वॉटचा रेझिस्टन्स दोन क्लिपांना लावून प्रत्येक कंडेन्सरवर दहा सेकंद धरला की काम होतं. मीटरने शून्य बघायचं आणि मगच बोट लावायचं.

मागच्या कारागिराचं काम समोरच दिसलं. ५२००-१९४३ नंबरच्या ट्रान्झिस्टरची नवी जोडी, पण त्यांच्या आणि हीटसिंकच्या (उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या) मधला अभ्रकाचा पापुद्रा, म्हणजे मायका, कोरडाच ठेवलेला, खाली-वर उष्णता नेणाऱ्या पेस्टचा थेंब नाही. त्याला दोष देताना थोडं सांभाळून बोलायला हवं. स्पीकरचा कोन इंचभर पुढे-मागे आपटताना पाहिला की कुणाचीही नजर आधी आउटपुटवर जाते. शिवाय बदलून थंड बोर्डवर चालू केलं तेव्हा आवाज स्वच्छ आला असणार. दहा मिनिटं ऐकून पेटी परत दिली की हा बिघाड दिसतच नाही.

मी स्पीकर जोडलेलाच ठेवला आणि बोर्ड टेबलावर तापू दिला. ट्रान्सफॉर्मरच्या २३० व्होल्टच्या टोकांवर जाड प्लॅस्टिकचा तुकडा बांधून घेतला, कारण पुढचा तासभर हात तिथेच वावरणार होते. ठोके सुरू झाल्याची खूण आता मीटरवरही : आउटपुटला खरं तर वीस-तीस मिलिव्होल्टच्या आत डीसी हवा, तो काही व्होल्ट इकडून तिकडे हेलकावत होता. मोठे रेल, म्हणजे बोर्डला वीज पुरवणाऱ्या मुख्य पट्ट्या, अधिक ४८ आणि उणे ४८, दोन्ही ठाम.

मग छोटे रेल. अशा ॲम्प्लिफायरात फिल्टर, व्हॉल्यूम, फेज हे सगळं टीएल ०७२सारख्या आयसींवर चालतं आणि त्यांना अधिक-उणे १५ व्होल्ट लागतात. स्वस्त डिझाइनमध्ये त्यासाठी वेगळा सप्लाय नसतो. ४८ व्होल्टमधूनच एक रेझिस्टन्स लावून व्होल्टेज पाडतात आणि १५ व्होल्टचा झेनर (व्होल्टेज एका आकड्यावर धरून ठेवणारा डायोड) लावून ते बांधून ठेवतात. अधिक बाजूला १४.९ आले. उणे बाजूला १५ हवेत तिथे आठ-नऊ, आणि तेही डोलत.

इथे हिशोब करून बघण्यासारखा आहे. रेझिस्टन्स १.२ किलोओहमचा. त्यावर ३३ व्होल्ट पडतात, म्हणजे सुमारे २७ मिलिअँपियर करंट मिळतो. चार आयसींना मिळून दहा-अकरा लागतात, उरलेला झेनर खातो आणि व्होल्टेज धरून ठेवतो. रेझिस्टन्स वाढत वाढत ३.९ किलोओहमला गेला की मिळणारा करंट आयसींनाच पुरत नाही. झेनरच्या वाट्याला काही उरत नाही आणि तो झोपतो. झेनर झोपला की छोटा रेल मोठ्या रेलच्या तालावर हलायला लागतो. कोनाने झटका दिला, मोठा रेल किंचित खाली गेला, त्यापाठोपाठ छोटा गेला. आयसींना तो सिग्नल वाटला, त्यांनी पुढे पाठवला, पॉवर स्टेजने मोठा करून पुन्हा कोनाला दिला. मग चक्र थांबत नाही. भक-भक-भक ती हीच.

पडताळणी सोपी होती. वीज बंद, कंडेन्सर रिकामे, आणि संशयित रेझिस्टन्सला समांतर १.८ किलोओहमचा एक क्लिपने लावला. ३.९ आणि १.८ समांतर म्हणजे साधारण १.२३. बोर्ड अजून गरम असतानाच चालू केला. उणे १४.८, आउटपुट शांत. रेझिस्टन्स काढून थंड मोजला तर २.३ किलोओहम दाखवतो आणि सोल्डरिंगचं टोक जवळ धरलं की आकडा चारच्या पुढे सरकतो. २.३वर काम कसंबसं भागत होतं, म्हणून थंड असताना तक्रार नाही.

डिंक

बिघडलेला भाग सापडला, पण तोच का बिघडला? अधिक बाजूचा रेझिस्टन्स त्याच वयाचा, तेवढाच तापणारा, आणि तो १.२ला ठाम होता. उत्तर शेजारीच होतं. कारखान्यात मोठे कंडेन्सर हलू नयेत म्हणून पिवळट डिंक ओततात. तो क्लोरोप्रीन (एक कृत्रिम रबर) जातीचा असला तर वर्षानुवर्षं गरमीत भाजून तपकिरी, ठिसूळ होतो, त्यातून क्लोरीनची आम्लं सुटतात, ओल धरतो, आणि मग तो इन्सुलेटर राहत नाही. इथला डिंक कंडेन्सरच्या बुडातून ओघळून उणे बाजूच्या रेझिस्टन्सच्या पायाला वेढून बसला होता. भिंगाखाली पाय हिरवा, मध्यभागी निम्म्याने बारीक झालेला, आणि टोपीपाशी जिथे पाय रेझिस्टन्सच्या अंगाला मिळतो तिथे बारीक चीर. अधिक बाजूकडे डिंक पोचलाच नव्हता.

हाच ओघळ पुढे ऑटो-ऑनच्या, म्हणजे सिग्नल आला की पेटी आपोआप जागी करणाऱ्या, भागावर गेला होता आणि तिथे दुसऱ्या तक्रारीचं मूळ होतं. सिग्नल आला की ४७ मायक्रोफॅरडचा एक कंडेन्सर भरतो आणि पेटी जागी होते. गाणं थांबलं की तो १० मेगओहमच्या रेझिस्टन्समधून सावकाश रिकामा होतो आणि काही मिनिटांनी पेटी झोपते. दहा मेगओहम म्हणजे इतका नाजूक हिशोब की शेजारच्या १५ व्होल्टच्या पट्टीवरून जरा जरी करंट गळला तरी कंडेन्सर भरलेलाच राहतो.

मी डिंकात दोन मिलिमीटर अंतरावर मीटरची टोकं रुतवली. हेअर ड्रायरने कोरडं केल्यावर मीटर २० मेगओहमच्या बाहेर. शहाळ्याच्या नळीतून तोंडाची दमट वाफ सोडली आणि आकडा एका मेगओहमच्या खाली आला. मग चालू बोर्डवर तेच केलं. नळी लांब धरून सावकाश वाफ सोडत राहिलो तर अर्ध्या मिनिटाच्या आत स्टँडबायचा पुढचा लाल दिवा हिरवा झाला, स्पीकर ठोके द्यायला तयार. ड्रायर मारला, काही मिनिटांनी पुन्हा लाल. देवबागला रात्री हवा दमट झाली की पेटी जागी व्हायची, आणि जागी झाली की उणे रेल आधीच लुळा असल्यामुळे लगेच घुमायची. काकांचं एका दमातलं वाक्य मुळात बरोबरच होतं. बिघाड दोन, पण करणारा डिंक एकच.

देवबाग म्हणजे एका अंगाला कर्ली नदीची खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र आणि मध्ये जमिनीची चिंचोळी पट्टी. हवेत मीठ दोन्हीकडून. हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ स्वतःच पाणी ओढून विरघळायला लागतं. पावसाळ्यात स्वयंपाकघरातली मिठाची बरणी ओली होते ती त्यामुळेच, आणि कोकणात जून ते सप्टेंबर आर्द्रता या रेषेच्या वरच राहते. बोर्डवर बसलेला मिठाचा थर त्या महिन्यांत अक्षरशः पाण्याचा पापुद्रा होऊन बसतो. घाटापलीकडे देशावर याच डिंकाने कदाचित आणखी काही वर्षं काढली असती.

काम

डिंक काढणं हे सगळ्यात कंटाळवाणं. धातूची पट्टी वापरली तर बोर्डवरचा हिरवा थर खरवडला जातो, म्हणून हॉट एअरने कोमट करून बांबूच्या काडीने पापुद्रे सोडवायचे. मोठे कंडेन्सर उचलल्याशिवाय बुडातला डिंक निघत नाही. उचलायचेच तर नवे घालणं शहाणपणाचं, तसे घातले. नंतर आयसोप्रोपिल अल्कोहोल, दात घासायचा जुना ब्रश, पुसायचं, पुन्हा अल्कोहोल. एका ठिकाणी तांब्याची पट्टी खालून खाल्ली गेली होती, तिथे वरून वायरचा तुकडा घातला.

रेझिस्टन्स दोन्ही बदलले. मूळचे दोन वॉटचे होते, पाच वॉटचे घातले आणि बोर्डला न टेकवता लांब पायांवर सेंटिमीटरभर उंच ठेवले. चालू असताना प्रत्येकात सुमारे ०.९ वॉट जळतो. दिसायला किरकोळ, पण तो चोवीस तास जळतो, खालचा बोर्ड तपकिरी झाला होता तो त्यानेच. १.२ऐवजी १.५ किलोओहम घालून उष्णता कमी करायचा मोह होतो. मी तो टाळला. वस्तीच्या टोकाला असलेल्या घरांत संध्याकाळी व्होल्टेज १९०पर्यंत पडलेलं मी बघितलंय. तेव्हा मोठा रेल ४०च्या खाली जातो, १.५मधून जेमतेम १६ मिलिअँपियर मिळतात, आणि सगळे आयसी काही आदर्श आकड्यानुसार करंट घेत नाहीत. उष्णता सोसलेली बरी.

झेनर मोजून ठीक होते, तरी दोन्ही नवे टाकले. पाच-दहा रुपयांच्या वस्तूसाठी पेटी पुन्हा उघडायची हौस कुणाला आहे? आउटपुटच्या जोडीखाली नवा मायका, दोन्ही बाजूंनी पातळ पेस्ट, आणि कलेक्टरपासून हीटसिंकपर्यंत मीटरने अडथळा तपासून घेतला. बायस, म्हणजे सिग्नल नसतानाही जोडीतून वाहणारा करंट, ०.२२ ओहमच्या एमिटर रेझिस्टन्सवर १० मिलिव्होल्ट ठेवला, म्हणजे ४५ मिलिअँपियरच्या आसपास.

नवे कंडेन्सर धरून ठेवायला सिलिकॉन वापरलं, पण ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते नव्हे. ते सुकताना ॲसेटिक ॲसिड सोडतं आणि आपण नुकताच काढलेला त्रास पुन्हा ओतून ठेवतं. न्यूट्रल लिहिलेली ट्यूब मागून घ्यायची. शेवटी बोर्डच्या खालच्या बाजूला आणि ऑटो-ऑनच्या भागावर लॅकरचा हात. व्हॉल्यूमचा पॉट (बटणामागचा फिरता रेझिस्टन्स), रिले (विजेने चालणारा स्विच) आणि सॉकेट चिकटपट्टीने झाकून.

छोट्या रेलचे कंडेन्सर १०५ अंशांचेच घातले आणि इथे जरा आग्रह धरावा. दुकानात ८५ अंश, २००० तासांचा, म्हणजे ८५ अंश सेल्सिअसला २००० तास टिकणारा, कंडेन्सर पुढे करतात. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट. बंद पेटीत ५५ अंश धरले तर त्या कंडेन्सरला १६,००० तास मिळतात. पेटी स्टँडबायवर कायम चालू असेल तर वर्षाचे ८,७६० तास, म्हणजे दोन वर्षं पुरती भरत नाहीत. १०५ अंश, ५००० तासांचा घेतला तर त्याच हिशोबाने १,६०,००० तास. किमतीतला फरक चहाच्या कपाएवढा.

पेटी बंद करताना पत्र्याभोवतीची फोमची पट्टी नवी लावली. जुनी चपटी झाली की मोठ्या आवाजात फटीतून हवा फुसफुसते आणि गिऱ्हाईक पुन्हा "आवाज फाटता" म्हणून येतं. मग पेटी रात्रभर बाहेरच्या पडवीत, पावसाच्या हवेत, स्टँडबायवर ठेवली. दिवा लालच राहिला. सकाळी डबलबारीचं (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याचं) रेकॉर्डिंग लावलं. पखवाजाच्या डाव्या अंगाचा घुमारा ऐकला की पेटीत काय आहे आणि काय नाही ते लगेच कळतं, टेस्ट टोनपेक्षा मला तेच बरं वाटतं. तासाभराने उणे रेल १५.१, आउटपुटला १८ मिलिव्होल्ट.

देवबागला पोचवताना

पेटी ठेवायची जागा बघितली आणि बरंचसं उलगडलं. पश्चिमेच्या खिडकीखाली, थेट लादीवर, पाठ जांभ्याच्या भिंतीला चिकटलेली. पावसाळ्यात त्या भिंतीला हात लावला तर तळवा ओला होतो. काकांना पेटी आतल्या भिंतीकडे, चौरंगावर, वीतभर जागा सोडून ठेवायला सांगितली. त्यांनी ठेवून ऐकली आणि तोंड वाकडं केलं, धम कमी झाला म्हणून. तेही खरंच आहे. भिंतीला आणि कोपऱ्याला चिकटवली की बास फुगतो. मी व्हॉल्यूम दोन रेघा वाढवून दिला, त्यावर तह झाला.

चोवीस तास स्टँडबायवर ठेवायचं की भिंतीवरून बंद करायचं, याला एका वाक्यात उत्तर नाही. स्टँडबायमध्ये रेझिस्टन्स जळत राहतात, कंडेन्सर सुकतात. उलट पावसाळ्याचे चार महिने पेटी पूर्ण थंड पडून राहिली तर तीच ओल शोषून घेते, आणि थोडीशी ऊब बोर्ड कोरडा ठेवते. माझं मत असं की रोज वापरून झाली की भिंतीवरून बंद करावी, आणि पावसात खोल्या रिकाम्या असल्या तरी आठवड्यातून दोनदा तासभर गाणी लावावीत. विजा चमकायला लागल्या की मात्र प्लग सॉकेटमधून बाहेर. नुसतं बटण दाबून विजेला अडवता येत नाही.

मागे हात घालून बटण दाबायला काका कंटाळणार हे उघड होतं, म्हणून पेटीची केबल स्विचवाल्या एक्स्टेन्शन बोर्डवर घेतली आणि बोर्ड टीव्हीच्या टेबलाच्या पुढच्या कडेला स्क्रूने बसवून दिला. एक गोष्ट राहिली आहे. स्पीकरच्या रिलेचे पॉइंट काळे पडलेत, तूर्त घासून साफ केले. तसाच पायांचा रिले जवळ नव्हता, आणि गणपतीच्या आधी मुंबईहून मागवून येईल याचा भरवसा नव्हता. शिमग्यानंतर पेटी पुन्हा आणायला सांगितली आहे, तेव्हा तो बदलीन.